चामड्यावरचं कोरीवकाम: नाशकात अजून कोणी करतं का?

वेलपत्ती
शनिवार, १२ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे चार-पाच वर्षं नुसतं वाचत आलेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेली तीन वर्षं मी चामड्यावर कोरीवकाम करते. नोकरी वेगळीच आहे. हे रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर आणि रविवारी दुपारी. गंगापूर रोडला राहते. नाशकात पाकिटं-पट्टे शिवणारी दोन-तीन हौशी मंडळी भेटली, पण कोरणारं कोणी भेटलं नाही. जे येतं ते व्हिडिओ बघून आणि चामडं वाया घालवून आलेलं आहे. मनात बरंच साठलंय, लांबलं तर चालवून घ्या.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ओलसर चामड्यावर एका फिरत्या मुठीच्या सुरीने नक्षीच्या रेषा कापायच्या. मग प्रत्येक रेषेच्या एका बाजूचं चामडं धातूच्या ठशाने ठोकत ठोकत खाली दाबायचं, म्हणजे दुसरी बाजू उठून दिसते. लाकूड कोरताना कपचा निघतो. इथे कणभरही काही निघत नाही. सगळं आतल्या आत दबतं, सरकतं, फुगतं. म्हणून चूक झाली की ती खरवडून काढायची सोयच नाही.

माझी पहिली चूक चामड्याचीच होती. मुंबईहून मऊ, काळं, सुरेख चामडं आणलं. ठसा मारला की उमटायचा आणि मी चहा घेऊन येईपर्यंत पुन्हा सपाट. दोन महिने मला वाटत होतं की माझा हात हलका पडतोय. नंतर कळलं की बाजारात मिळणारं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ राहतं, पण ठसा धरत नाही. कोरायला लागतं ते झाडाच्या साली-फळांच्या टॅनिनने कमावलेलं, ज्याला व्हेज टॅन म्हणतात. ते पाणी पितं, ओलं असताना मातीसारखं वळतं आणि वाळलं की दिलेला आकार सोडत नाही.

दुसरी गोष्ट पाणी. माझ्या मते या कामात ऐंशी टक्के पाणीच आहे. चामडं भिजवायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. वरून रंग जवळजवळ पहिल्यासारखा फिका दिसायला लागतो, पण गालाला लावलं तर गार लागतं. ती वेळ. त्याआधी हात घातला तर रेषा गिजगिजीत होते, दाबलेली कड पुन्हा वर येते. उशीर केला तर सुरी अडखळते, ठसा पांढरट उमटतो. नेमक्या ओलीला ठसा पडला की तिथलं चामडं आपोआप गडद तपकिरी होतं, रंग न लावता. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी नवऱ्याला उठवून दाखवलं होतं.

आपल्याकडे मे महिन्यात ही वेळ दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. पंखा बंद करून, घाम पुसत, अर्ध्या भागावर ओलं फडकं झाकून काम करावं लागतं. आणि पावसाळ्यात उलट, चामडं वाळतच नाही.

तिसरी गोष्ट पान. मी द्राक्षाचं पान कोरते. माहेर निफाडकडचं, बागेतच वाढले. द्राक्षाच्या पानाला पाच पाळ्या असतात, देठापाशी खोल खाच असते आणि देठाच्या टोकापासूनच पाच मुख्य शिरा हाताच्या बोटांसारख्या पसरतात. कोरताना कड आधी कापायची, देठापासून बाहेर, आणि टोकाला येताना सुरीवरचा दाब कमी करत करत रेषा विरून जायला हवी. मग बेव्हलर नावाचा उतरता ठसा. त्याची जाड कड कापलेल्या रेषेत बसवायची आणि तो उचलायचा नाहीच. तिसऱ्या बोटाने चामड्याच्या किंचित वर तरंगत धरायचा, मोगरीचे छोटे छोटे ठोके आणि प्रत्येक ठोक्याला केसभर पुढे. टक टक टक टक. नीट चाललं तर ठोक्यांच्या खुणा दिसत नाहीत, एकसलग उतार दिसतो आणि पान वर उचललं जातं. सपाट चामड्यातून पान उचललं जाताना बघणं, हे ज्याने एकदा अनुभवलं तो हे काम सोडत नाही.

आता दुःख. वडिलांच्या सत्तरीसाठी त्यांच्या बागेच्या डायरीला कव्हर करत होते. ते अजून हाताने लिहितात: कुठली फवारणी कधी, खरड छाटणी कधी, ऑक्टोबरची छाटणी कधी. कव्हरवर वेल, तीन पानं, एक घड. सहा रविवार लागले. शेवटच्या रविवारी चामडं एका कडेने वाकत होतं म्हणून त्यावर स्टीलची पट्टी ठेवली आणि फोन घ्यायला गेले. परत आले तर मधल्या पानावरून आडवी निळी-काळी रेघ. पुसून जाईना, धुऊन जाईना. कव्हर कपाटात ठेवलंय. वाढदिवसाला दुसरंच काहीतरी दिलं. अजून ते बाहेर काढवत नाही.

तर माझे प्रश्न. तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं चांगलं व्हेज टॅन थोड्या प्रमाणात कुठून घेता? पावसाळ्यात बुरशीचं काय करता? ठोक्यांच्या आवाजाचं काय? आणि ती रेघ कशामुळे पडली, ती निघेल का?

सिडकोतला नवशिका
शनिवार, १२ जुलै, रात्री ११:०५

ताई, धागा वाचून अक्षरशः उठून बसलो. मीही करतो! सहाच महिने झालेत. माझा प्रश्न सुरीचा. सरळ रेषा जमते, पण वळण आलं की सुरी अडकते आणि गोल रेषा गोल न होता कोनाकोनाची होते. रोज तासभर नुसते गोल काढतो. हात दुखतो, चामडं संपतं, गोल येत नाही. कालच सगळं सामान खोक्यात भरून ठेवलं होतं.

टूलरूमवाला
रविवार, १३ जुलै, सकाळी ७:४०

सातपूरला टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. चामड्यात चार वर्षांपासून आहे. नवशिके दादा, खोकं उघडा.

सुरी अडखळते ती नव्वद टक्के वेळा हातामुळे नाही, पात्यामुळे. या सुरीचं पातं धारदार असून भागत नाही, ते आरशासारखं गुळगुळीत लागतं. ती चामड्याला नुसती कापत नाही, फाकवतही जाते, म्हणून पात्याचे दोन्ही उतार चामड्याला घासत जातात. उतारावर ग्राइंडिंगचे ओरखडे राहिले तर प्रत्येक ओरखडा ब्रेकसारखा धरतो. दगडावर बारीक करत न्या, मग चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशची वडी घासून त्यावर पातं मागे ओढा. पुढे नको, मागेच. दर पाच-दहा मिनिटांनी चार-सहा वेळा ओढायची सवय लावा. मी काम करताना तो तुकडा डाव्या हाताशीच ठेवतो.

स्वतः पातं करणाऱ्यांसाठी: साध्या कार्बन स्टीलचं पातं ग्राइंडरवर घासताना निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेलं. कितीही धार लावा, टिकणार नाही. पॉवर हॅक्सॉच्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) पात्याचा तुकडा त्या मानाने उष्णता सोसतो. मी त्याचीच पाती करतो. वर जोखड, म्हणजे तर्जनी टेकवायची खोबण, फिरायला छोटं बॉल बेअरिंग.

ठसे मी सहा मिलिमीटरच्या स्टेनलेस बोल्टपासून करतो. टोक कानशीने घडवायचं, रेघा कोरायच्या, शेवटी पॉलिश. ठशाच्या तोंडावरचा ओरखडाही चामड्यावर जसाच्या तसा उमटतो, हे लक्षात ठेवा. माझ्या हाताने घडवलेला पहिला ठसा, बिया भरायचा, दीड मिलिमीटरचा पोकळ गोल, घडायला चार संध्याकाळी लागल्या. तो फुलाच्या मध्यावर मारला आणि नीट गोल उमटला, तेव्हाचा आनंद मला आयुष्यात पास केलेल्या कुठल्याही जॉबचा झाला नाही.

आवाजाचं: ठोकायला खाली जड दगड हवाच. किचन ओट्याला सिंक बसवताना ग्रॅनाइटचा जो चौकोन कापून काढतात, तो ग्रॅनाइटवाल्यांकडे पडून असतो. मागा, देतात. दगड जितका जड तितका ठसा एका ठोक्यात नीट पडतो आणि एकूण ठोके कमी होतात.

वेलपत्ती
रविवार, १३ जुलै, सकाळी ९:१५

टूलरूमवाले दादा, मनापासून आभार. माझ्या ठशांवरचा मुलामा एका बाजूने गेलाय, आता तेही तपासते.

नवशिके, पाती झाली की आणखी एक करा. नजर पात्यावर ठेवू नका, रेषा जिथे जायची आहे तिथे ठेवा, सायकल चालवताना ठेवतो तशी. तर्जनी जोखडावर दाब देते, अंगठा आणि मधलं बोट फक्त मूठ फिरवतात. फिरवणारी बोटं दाबायला लागली की वळण मोडतं. आणि पातं उभं ठेवा. ते डावी-उजवीकडे कललं तर रेषेची एक कड खाली वाकते आणि पुढे ठसा नीट बसत नाही. खोली जाडीच्या एक तृतीयांशापासून फार तर निम्म्यापर्यंत.

तिसरा मजला
रविवार, १३ जुलै, दुपारी १:३०

मी कारागीर नाही, पण आवाजाबद्दल लिहिते. आमच्या वरच्या घरात कोणीतरी असंच काहीतरी ठोकायचं. मला वाटायचं भिंत पाडतायत. बाळ लहान होतं, दुपारी झोप लागायची नाही. एकदा वर गेले तर एक आजोबा तांब्याच्या पत्र्यावर देवीचा मुखवटा उठवत होते, भांडी बाजारातलं त्यांचं आयुष्यभराचं काम. आम्ही वेळ ठरवली, अकरा ते एक. त्यांनी टेबल खोलीच्या मधून काढून कोपऱ्यात, खांबाला लागून घेतलं आणि पायांखाली जाड रबर टाकलं. निम्म्याहून आवाज कमी झाला. वेळ माहीत असली की आवाजाचा त्रास होत नाही, हे मी खालच्या मजल्यावरून सांगते. तुमच्या खालच्यांना एकदा वर बोलवा, काम दाखवा.

ओझरकर
रविवार, १३ जुलै, संध्या. ६:१०

वाचनखूण साठवली.

माझी निराशा विकण्याची आहे. चाळीस तास घालून पट्टा कोरला. घेणारा म्हणतो, असाच पट्टा बाजारात पाचशेला मिळतो. आणि बाजारातला तो पट्टा दुरून खरंच तसाच दिसतो. काय सांगायचं?

टूलरूमवाला
रविवार, १३ जुलै, रात्री ८:५५

सांगायचं नाही, हातात द्यायचा. प्रेसखाली एका दाबात उठवलेल्या नक्षीत सगळी खोली सारखी असते, कडा गोल असतात आणि तीच चूक दर फुटाला पुन्हा येते, कारण डाय फिरून फिरून तीच आहे. हाताच्या कामात सुरीची रेषा असते. नखाने चाचपली तर नख अडकतं. पानं एकमेकांखालून जातात. दोन फुलं कधीच सारखी नसतात. नखाने चाचपू दिलेला माणूस पुन्हा पाचशेचं नाव काढत नाही. घेईलच असं नाही, पण नाव काढत नाही.

सिन्नरची
सोमवार, १४ जुलै, सकाळी ११:००

मला नक्षीबद्दल बोलायचंय. या छंदातल्या जवळजवळ सगळ्यांचं काम बघितलं तर तेच ते अमेरिकन गुलाब, तीच शेरिडनची गोल फिरणारी वेल. सुंदर आहे, पण ते अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या खोगीरवाल्यांचं आहे. आपल्याकडे दगडात काय कमी आहे? माझ्या घरापासून गोंदेश्वराचं देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. यादवकाळातल्या त्या काळ्या दगडावरची कीर्तिमुखं, म्हणजे देवळांवर कोरतात ती उग्र मुखं, बघा, दात, डोळे, मिशांसारखे उसळणारे पल्लव. पांडवलेण्यातल्या तीन नंबरच्या लेण्याचं दार बघा, दगडाचं असून लाकडी तोरणासारखं कोरलंय. एका माध्यमातली नक्षी दुसऱ्या माध्यमात नेण्याचं काम आपल्याच डोंगरात जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी झालंय. मी कीर्तिमुख चामड्यावर आणायचा प्रयत्न करतेय. तीन वेळा फसलाय.

टूलरूमवाला
सोमवार, १४ जुलै, रात्री ९:२०

ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण थोडा विरोध नोंदवतो. शेरिडनची वेल आधी शिकाच. ती शिकायची ती अमेरिकन म्हणून नाही, तर या हत्यारांच्या पोटातूनच ती जन्मली म्हणून. हे काम स्पेनमधून मेक्सिकोत आणि तिथून अमेरिकेत खोगीरांवर गेलं. शेरिडन गावातल्या डॉन किंग या खोगीरकाराने विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची मोठी फुलं लहान करून एकमेकांत गुंफलेल्या गोलांवर बसवली. का? कारण फिरत्या सुरीला गोल वळण आवडतं. प्रत्येक देठ मोठ्या गोलाचा तुकडा असतो, म्हणून हात न थांबता जातो. ते अंगात मुरलं की कीर्तिमुखाचे पल्लव आपसूक येतील. कीर्तिमुख तीनदा फसलं ते बहुधा यामुळेच: दगडात खोली छिन्नीने काढलेली आहे, तीन-चार इंच. तुमच्याकडे साडेतीन मिलिमीटर आहेत. तेवढ्यात काय पुढे आणि काय मागे हे आधी कागदावर ठरवावं लागतं.

सिन्नरची
सोमवार, १४ जुलै, रात्री १०:०२

साडेतीन मिलिमीटरचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी डोळेही वर, नाकही वर, दातही वर काढायला जात होते. सगळंच वर म्हटल्यावर वर काहीच राहत नाही. उद्या फक्त पेन्सिल घेऊन देवळात जाऊन बसते. पण शेरिडन आधी, हे अजून मान्य नाही!

कुडाळकर
मंगळवार, १५ जुलै, सकाळी ८:३०

एक भर. आपल्याकडे चामड्यावरची नक्षी नाहीच असं कोणी समजू नये. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, सावल्यांच्या खेळाच्या. पातळ चामड्याला भोकं पाडून त्यातून दागिने, वस्त्रं, डोळे काढलेले. दिवा मागे धरला की पडद्यावर नक्षी उमटते. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुमचं काम उठावाचं, ते भोकांचं, पण हत्यार धरणारा हात एकच.

वेलपत्ती
बुधवार, १६ जुलै, रात्री १०:४५

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आज वर बोलावलं. आता कापायचं आणि छापायचं (म्हणजे नक्षी चामड्यावर उतरवायचं) काम रात्री, ठोकायचं फक्त शनिवार-रविवार दुपारी, असं ठरलं.

बुरशीबद्दल कोणी लिहिलं नाही. या आठवड्यात पाऊस थांबायलाच तयार नाही, गोदेला पाणी वाढलंय, घरात कपडे तीन दिवस वाळत नाहीत. भिजवलेलं चामडं पिशवीत दोन दिवस राहिलं की करडे ठिपके. एका व्हिडिओत सांगितलं होतं की ते फ्रिजमध्ये ठेवा, गारव्यात बुरशी लवकर धरत नाही. ठेवलं. उपाय चालतो. पण सासूबाईंना ते पटलं नाही. देवाच्या दुधाशेजारी चामडं नको म्हणाल्या. मी वाद घातला नाही, तुकडा काढून घेतला. वाईट मात्र वाटलं. त्या वाईट नाहीत, माझं काम त्यांना आवडतं, पाहुण्यांना दाखवतात. तरी फ्रिजपाशी येऊन थांबलं. हे इथे लिहावं की नाही असा विचार करत होते, पण लिहिलं.

रापी
गुरुवार, १७ जुलै, पहाटे ५:५०

तुमचा शेवटचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप आली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं घराणं चर्मकार. मूळ गाव येवला तालुक्यात. कातडं कमावायचं काम ढोर समाजाच्या घरांकडे असायचं आणि कमावलेल्या कातड्याच्या वस्तू आमच्याकडे. विहिरींवर मोटा होत्या तोवर आजोबा मोटा शिवत, दुरुस्त करत. मोटा गेल्या, मग चपला, बैलांच्या गळ्यातले पट्टे, वाद्या. वडील नोकरीसाठी नाशिकला आले आणि त्यांनी घरी हत्यारं आणली पण पेटीत ठेवली. आमच्यासाठी हा कधीच छंद नव्हता. शाळेत वडिलांच्या वडिलांचं काम विचारलं की मी शेती सांगायचो.

तुम्ही "कमावलेलं" हा शब्द सहज लिहिलात, बरं वाटलं. आपली भाषा कातडं "कमावते". मेलेलं, कुजणारं कातडं माणूस मेहनत करून टिकाऊ करतो, त्याची ही कमाई आहे. चुन्यात ठेवून केस काढणं, मांस खरवडणं, मग बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी. कोल्हापूरकडे त्याच कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात साली-हिरड्याचं पाणी भरून ती टांगून ठेवतात. पाणी आतून बाहेर पाझरत कातडं पिकवतं. तुमचं व्हेज टॅन ते हेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, तिच्या पायाशी हेच काम आहे.

आणि तुमची निळी-काळी रेघ. ती लोखंडाची. हिरडा-बाभळीचा तुरटपणा जिथे ओला असताना लोखंडाला लागला तिथे तो काळा होतो. हिरड्याच्या पाण्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकली की काळा रंग होतो, तेच इथे झालं. आजोबा मुद्दाम हे करायचे. मडक्यात गुळाचं पाणी, त्यात गंजलेले खिळे, पंधरा दिवस आंबवायचं आणि ते पाणी चामड्यावर फिरवलं की लाल चामडं डोळ्यांदेखत काळं. बाजारचा रंग निघतो, तो निघत नाही, कारण तो वर बसत नाही, चामड्याच्या आतच होतो. तुमच्या स्टीलच्या पट्टीने गुळाशिवाय तेच केलं. वडिलांना विचारलं, ते म्हणाले लिंबू. ताजं लिंबू कापसाने रेघेवर, दोन-तीनदा, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. जास्त वेळ ठेवू नका. पूर्ण जाईल असं नाही, उतरेल.

फ्रिजबद्दल: तुमच्या सासूबाईंशी मलाही वाद घालायचा नाही. पण ज्या घरांत चामडं उंबऱ्याच्या बाहेर काढून आत यायचं, तिथे आज ते टेबलावर दिव्याखाली आहे आणि घरची सून त्यावर पान कोरतेय, हे वाचून माझ्या वडिलांनी मला तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. एवढंच एक मागणं आहे. हे काम व्हिडिओतून शिकलो म्हणून ते तिथेच सुरू झालं असं धरू नका. जुन्या नाशकात रस्त्याकडेला बसणाऱ्या माणसाकडे रापी, म्हणजे चामडं कापायचं आमचं हत्यार, आहे. तिची धार एकदा बघून या.

सिडकोतला नवशिका
गुरुवार, १७ जुलै, दुपारी २:१५

रापी दादा, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाही. खोकं उघडलं आहे. पातं पॉलिश केलं. काल पहिला गोल गोल आला.

टूलरूमवाला
गुरुवार, १७ जुलै, रात्री ९:४०

रापीजी, बावीस वर्षं मी पोलादाला पाणी देतो, पण रापीची ती अर्धचंद्राची धार हाताने एवढी वर्षं सारखी कशी ठेवतात हे मला कधी समजलं नाही. वडिलांना विचाराल का, ते कुठल्या दगडावर लावतात?

रापी
शुक्रवार, १८ जुलै, सकाळी ७:०५

विचारलं. म्हणाले, दगड कुठलाही, शेवट जुन्या चामड्यावर. आणि म्हणाले, त्या सगळ्यांना रविवारी घरी बोलव.

वेलपत्ती
सोमवार, २१ जुलै, रात्री ११:१०

काल रापी दादांच्या घरी गेलो होतो. मी, टूलरूमवाले, सिन्नरच्या ताई आणि नवशिके. सविस्तर लिहिते.

त्यांच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, पेटी उघडली. आरी, रापी, लाकडी मोगरी, बैलाच्या शिंगाचा एक तुकडा ज्याने चामड्याच्या कडा घोटायच्या. शिंग हाताच्या घामाने इतकं गुळगुळीत झालंय की माझी सगळी विकतची घोटणी त्यापुढे खरबरीत. रापीचं पातं झिजून निम्मं उरलंय. टूलरूमवाल्यांनी ते उजेडात धरलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग फक्त म्हणाले, एकही सपाट जागा नाही.

काकांनी माझी सुरी हातात घेऊन मूठ फिरवून पाहिली. आवडली. मग माझ्या सरावाच्या तुकड्यावर त्यांनी रापीचं टोक टेकवलं आणि न छापता, न आखता एक पान कापलं. पिंपळाचं. रापी फिरत नाही, म्हणून त्यांनी डाव्या हाताने चामडंच फिरवलं. उजवा हात जागचा हलला नाही. टोकाला आल्यावर रेषा आपोआप विरली. मी तीन वर्षं जे शिकतेय ते. मी विचारलं, नक्षी कधी करत होतात? म्हणाले, बैलपोळ्याला. गळ्यातल्या पट्ट्यांवर. मालकाने मागितली नसली तरी.

तो तुकडा त्यांनी मला दिला. त्यावर मी ठसा मारणार नाही.

लिंबाचं: आजच लावलं, तीन वेळा. रेघ काळ्याची फिकट राखाडी झाली. बघायचं म्हटलं तर दिसते. गडद तपकिरी रंग दिला तर झाकली जाईल, असं टूलरूमवाले म्हणतात, पण मला पानं नैसर्गिक रंगातच ठेवायचीत. तेल दिलं आहे. येत्या शनिवारी निफाडला जाऊन वडिलांना देणार.

आणि फ्रिजचं. काकांच्या घरची हकिगत जेवताना सांगितली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी खालच्या खणातल्या भाज्या वर गेलेल्या होत्या आणि तो खण रिकामा होता.

वेलपत्ती
मंगळवार, २९ जुलै, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. चामड्याचा प्रश्न राहिला होता. थोडं थोडं मागवलं तर वाहतूक महाग पडते आणि मनासारखा भाग मिळत नाही, म्हणून आम्ही चौघांनी मिळून एक अख्खी बाजू, म्हणजे अर्धं कातडं, मागवली. म्हशीचं चामडं एकदा वापरून पाहिलं होतं, माझ्या हाताला त्याचे दाणे मोठे लागले, बारीक शिरा उमटल्या नाहीत. म्हणून या वेळी गाईचं, चेन्नईहून, आठ-नऊ औंसांचं, म्हणजे साधारण ३.२ ते ३.६ मिलिमीटर जाडीचं. पाठीकडचा भाग घट्ट आहे, तो कोरायला. पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा, तो सरावाला. वाटणी टूलरूमवाल्यांच्या घरी रविवारी सकाळी दहाला, कापायला रापी काका स्वतः येतायत.

डायरीचं कव्हर दिलं. वडिलांनी रेघेवरून अंगठा फिरवला, विचारलं हे काय, मी सांगितलं. लोखंड आणि हिरडा, म्हणाले, बरोबर आहे. मग चष्मा लावून त्या दिवसाचा पाऊस लिहिला.

पाठीकडचा साडेतीन चौरस फूट भाग शिल्लक राहतोय. ज्यांना हवा त्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच लिहा.

ओझरकर
मंगळवार, २९ जुलै, रात्री ९:५२

दीड फूट माझं धरा.